रविवारी येणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

लेकीला ऐकू येत नाही, असा बेराचा (ऐकण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आला आणि जो तो सांगू लागला, ‘खुणा शिकवू नका, पोरगी कधीच बोलायची नाही.’ आधी मशीन बसू दे, मग थेरपी, मग भाषा. तोवर तिने काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. तुम्ही स्वतः जन्मापासून कर्णबधिर. तुम्ही वहीत लिहून दिलंत, ‘भूक तिला आजच लागते ना?’ तो कागद मी जपून ठेवलाय.

पहिल्या रविवारी तुम्ही तिची नजर कशी धरायची एवढंच दाखवलंत. ऐकणारं बाळ खेळण्याकडे बघता बघता आईचा शब्द ऐकतं. आमच्या लेकीला एका वेळी एकच काहीतरी बघता येतं. म्हणून वाटी आपल्या हनुवटीजवळ धरायची, ती वर बघेपर्यंत थांबायचं, खूण करायची आणि मगच वाटी द्यायची. कधी खूण तिच्याच गालावर, पोटावर करायची. भुवया, मान, ओठ, सगळं बोलण्यातच येतं. सासूबाईंना हे आमच्या सगळ्यांच्या आधी जमलं!

मग ती पंख्याची खूण. तुम्ही तर्जनी वर करून गोल फिरवायचात, हिचा अख्खा पंजा डुलायचा. आम्हाला वाटलं, खेळतेय. तुम्ही मात्र दोन्ही हात हवेत हलवून तिचं कौतुक केलंत, कारण ते तिचं बोबडं बोलणं होतं. लॉरा अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट या संशोधकांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं होतं: खुणांच्या भाषेत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी ‘बा-बा-बा’ करतात. मी ते नंतर वाचलं. तुमच्या घरात ते तुमच्या आईपासून ठाऊक होतं.

आता कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या त्या मशीनची, तारीख मिळाली आहे. आम्ही ते करणार, थेरपीही मनापासून करणार. पण मशीनचा बाहेरचा भाग रात्री झोपताना काढून ठेवावा लागतो, आणि रात्री ती घाबरून उठली तर तेव्हाही मला तिच्याशी बोलायचंय. तुमच्यामुळे ते मला येतं. याचे आभार किती मानू, ताई?

रविवार मात्र सुटणार नाहीत. सासूबाईंना मोदक, आरती, उंदीरमामा सगळं खुणांत हवंय. गणपतीच्या आधी याल ना?

तुमची,
लेकीची आई