प्रोजेक्टचं बाइंडिंग नको, आतलं वाचा

संपादक साहेब, नमस्कार.

कॉलेजची पोरं हल्ली प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट करतात, एआयकडून लिहून घेतात अशी ओरड तुमच्या पेपरात अधूनमधून वाचतो. ओरड खोटी नाहीये. मी माण तालुक्यातल्या एका ब वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे ही पोरं मला रोज भेटतात. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून बीएला फील्ड प्रोजेक्ट आलाय आणि फेब्रुवारी-मार्च आला की इतिहासवाल्यांची रांग लागते. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, मटेरियल आहे का?" कशावर पाहिजे विचारलं तर म्हणतात, कशावर पण चालेल, चाळीस पानं भरली पाहिजेत.

मागच्या वर्षी एक पोरगा पुस्तकाचं नाव लिहून घेऊन आला. लेखक, प्रकाशक, साल, पान नंबर, सगळं व्यवस्थित. मी दोन दिवस शोधलं, जिल्हा ग्रंथालयात फोन केला, पुण्याच्या ओळखीच्या विक्रेत्याला विचारलं, पुस्तक कुठंच नाही. शेवटी पोराला म्हटलं, बाबा हे नाव तुला दिलं कुणी, तर लाजत म्हणाला मोबाईलने. म्हणजे पुस्तकच अस्तित्वात नाही आणि त्याचं पान नंबर 112 पोराच्या तळटीपेत. मला राग यायला पाहिजे होता पण हसूच आलं, कारण पोरगा निदान पुस्तक शोधायला तरी आला होता, बाकीच्यांनी न शोधताच छापून टाकलं असणार.

पण मला लिहायचंय ते एका मुलीबद्दल, आणि तिच्या प्रोजेक्टचं पुढं काय झालं त्याबद्दल.

ती एसवायला, म्हणजे बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. 72 च्या दुष्काळावर मटेरियल आहे का म्हणून आली. मी म्हटलं, घरात कोण आहे त्या वेळचं? म्हणाली आजी आहे, पण तिला काय माहिती, ती शाळेत गेलेली नाही. म्हटलं तू आधी जाऊन तिला विचार आणि मग ये. आठ दिवसांनी आली ती मोबाईलमध्ये तीन तासांचं रेकॉर्डिंग घेऊन, डोळे असे मोठे झालेले. आजी खडी फोडायला जायची, पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, मुकादम मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा घ्यायचा, दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावरचा कोरडा खाऊ, मिळायची ती पदरात बांधून घरी पोरांसाठी आणायची. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खायची, ती भाकरी थापताना चिरायची, तुटायची म्हणून पीठ गरम पाण्यात मळायला लागायचं. हे कुठल्या पुस्तकात आहे, मला दाखवा.

आता पुस्तकातलंही आम्ही काढलंच. 1973 च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्या अनुभवातून पुढं वि. स. पागेंची रोजगार हमी कायद्यात आली, कायदा 1977 चा, लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून, आणि त्याच धर्तीवर 2005 साली देशभराचा कायदा झाला. हे तिने लिहिलं, पण दीड पानात. बाकी सगळी पानं आजीची आणि आजीबरोबर कामावर असलेल्या गावातल्या बायकांची.

आणि इथं खरी मजा आहे. मजुरी किती होती या एका प्रश्नावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं. आजी म्हणते दिवसाला तीन रुपये, शेजारची म्हणते दीडच्या वर कधी दिसले नाहीत. पोरगी माझ्याकडे आली, सर यातलं खरं कुठलं धरू? मी म्हटलं मला विचारू नको, त्यांना विचार की काम कसं मोजायचे. परत गेली. कळलं की हजेरीवर पैसे नव्हतेच, खड्डा मोजून, खडीचा ढीग मोजून मिळायचे. आजीच्या टोळीत नवरा-दीर असे दोन गडी होते, शेजारीण मागं दोन लहान पोरं घेऊन एकटी. दोघीही खरं बोलत होत्या! त्या दिवशी ती मुलगी इतिहास शिकली असं मला वाटतं, आणि तीन वर्षांच्या नोट्स पाठ करून हे येत नाही.

दुसरी गोष्ट गाजर गवताची, त्यालाच काँग्रेस गवत म्हणतात. आमच्याकडे लहान पोरगं पण सांगेल की काँग्रेस गवत मिलोबरोबर 72 ला आलं. आजीनेही तेच सांगितलं. मुलीने सरळ लिहून टाकलेलं. मीच म्हटलं जरा थांब, आणि वनस्पतीशास्त्राचं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात पुण्यात या गवताची नोंद 1956 सालची, म्हणजे दुष्काळाच्या सोळा वर्षं आधीची! घरी जाऊन तिने आजीला सांगितलं तर आजी भडकली, "मी डोळ्यानं बघितलंय, त्याआधी आपल्या रानात एक काडी नव्हती, तुझं पुस्तक आलं होतं का खुरपायला?" आता आजीला खोटं कसं पाडायचं. शेवटी तिने दोन्ही लिहिलं, की पुण्यात आधी नोंद आहे, आमच्या गावात मात्र ते 72 च्या सुमारास दिसायला लागलं असं म्हातारी माणसं सांगतात, मिलोमुळे आलं की दुसऱ्या कशाने हे यावरून ठरवता येत नाही. मला तर ते वाक्य इतकं आवडलं की मी दोनदा वाचलं.

मग म्हटलं कागद पण बघ. गावच्या शाळेचे हेडमास्तर भले माणूस, त्यांनी जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं, धूळ झटकून, समोर बसून. 72-73 च्या पानावर शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात एकाखाली एक "सतत गैरहजर", "परगावी गेले", "सतत गैरहजर". शाई तीच, अक्षर तेच, बहुतेक एकाच दिवशी बसून लिहिलेलं. त्यात तिच्या सख्ख्या चुलत्याचं नाव निघालं. घरात सगळ्यांना वाटायचं काकाला शिकायची आवडच नव्हती.

दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात मात्र तिला उभं केलं नाही. कुठलं ते लिहीत नाही, गावात राहायचंय. अर्ज द्या, साहेब आल्यावर बघू, तुला कशाला पाहिजे, कुणाची जमीन बघायचीय का, माहिती अधिकारात माग. चार खेपा झाल्या, एसटीचे पैसे वेगळे. त्यांचंही एका अर्थी बरोबर आहे, जुना कागद म्हटला की लोक भांडणासाठीच मागतात. पण 2023 साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा हेच दप्तर रात्री जागून उघडलं आणि मोडी वाचणारा माणूस मिळेना म्हणून पळापळ झाली, हे सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा प्रत्येक तालुक्यात मोडी येणारी पाच-दहा पोरं असती तर?

बरं, प्रोजेक्ट जमा झाला. गाइड असलेल्या सरांनी गाजर गवताच्या पानावर लाल रेघ मारून "विषयांतर" लिहिलं. आजीच्या मुलाखतीसमोर "संदर्भ ग्रंथ कुठे?" एकतीस पानं भरली म्हणून मार्क कापले. आणि साठ पानं, रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं असलेला आदर्श राज्यकर्त्यावरचा प्रोजेक्ट, जो मी गेल्या तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या नावांनी बघितलाय, त्याला पैकीच्या पैकी. मुलगी काही बोलली नाही, फक्त पुस्तक परत करायला आली ते ठेवून गेली.

मला सरांना शिव्या घालायच्या नाहीत. ते तासिका तत्त्वावर आहेत, मानधन कधी येतं कधी नाही, अशा माणसाच्या गळ्यात साठ-सत्तर प्रोजेक्ट टाकल्यावर तो वाचणार काय, वजन करून मार्क देणार. कायमस्वरूपी जागा भरत नाहीत आणि संशोधन मात्र पाहिजे. पण म्हणून पोरांना करताच येत नाही असं जे बोललं जातं ना, ते मला पटत नाही. आपल्याकडे तर सुरुवातच अशी झालीय. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला, साहेबाने लिहिलं म्हणजे वेदवाक्य, आणि त्यातल्या चुका काढणारा निबंध 1860 च्या दशकात लिहिला तो नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी, पुण्याला कॉलेजात शिकत असताना. आजच्या भाषेत यूजीचा विद्यार्थीच की! मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांचं दप्तर वाचायचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे तर गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरचे जुन्या कागदांचे रुमाल सोडवत फिरले, 1898 ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढं बावीस झाले. यातल्या कुणाला चाळीस पानांची अट नव्हती हो.

आता पोरांना त्यांच्यापेक्षा सोपं आहे. 1885 चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर मोबाईलवर फुकट वाचता येतं. पुण्याचं पेशवे दप्तर, मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, कोल्हापूरचं दप्तर, सगळी सरकारी आहेत, अर्ज आणि कॉलेजचं पत्र घेऊन गेलं की बसता येतं. अडतं ते पत्राशीच, कारण ते द्यायला कॉलेजात कुणाला वेळ नसतो आणि पुण्याला जाऊन दोन दिवस राहायचं तर माणच्या पोरीच्या घरचे आधी विचारणार कुणाकडे राहणार. म्हणून मी म्हणतो पुण्याला नंतर जा, आधी गावात बघा. सोसायटीची जुनी प्रोसिडिंगं, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेची रजिस्टरं, जत्रेच्या वर्गणीच्या वह्या, देवळाच्या पायरीवरची नावं, मुंबईला गिरणीत गेलेल्यांची पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या. आमच्या तालुक्यात म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव आहे, 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांच्या काळात झालेला, त्या काठावर रोज म्हशी धुणाऱ्या पोराला तो कुणी आणि का बांधला हे माहीत नाही, आणि त्याचा प्रोजेक्टचा विषय काय, तर फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे. फ्रेंच राज्यक्रांती वाईट नाही, पण तिच्याबद्दल माणमध्ये बसून तो नवीन काय शोधणार?

विद्यापीठातली माणसं तुमचा पेपर वाचतात म्हणून दोन-तीन गोष्टी लिहितो, जमलं तर बघा. पानांची अट काढा आणि तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारा, हे तुला कुठं कळलं? ज्याने केलंय तो अर्धा तास बोलेल, ज्याने छापलंय तो खाली बघेल, आणि सत्तर प्रोजेक्ट वाचायलाही लागणार नाहीत. "शोधलं पण सापडलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलं तर त्याचे मार्क कापू नका, उलट द्या. आजीची मुलाखत हा संदर्भ धरा, तारीख, गाव, कोण हजर होतं हे लिहिलं असेल तर. हां, पण आजीला विचारून घ्या तिचं नाव छापायचं का, कारण या मुलीच्या आजीने सुकडीच्या वाटपात कोण मधल्या मधे खायचं हेही सांगितलंय आणि त्याची नातवंडं अजून गावातच आहेत.

आणि निकाल लागला की प्रोजेक्ट रद्दीत घालू नका. मी स्वतः रद्दीवाल्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा गठ्ठा बघितलाय, प्लास्टिकची कव्हरं फाडून बाजूला काढलेली, कागद वेगळा. त्यात गावच्या बैलबाजारावर एक होता, बऱ्यापैकी केलेला, तो मी किलोच्या भावाने घेऊन आलो. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवायचा नियम केला तर खर्च काय येतो? आमच्याकडे कपाटाचा खालचा कप्पा मी रिकामा केलाय, सध्या त्यात दोनच आहेत, बैलबाजार आणि दुष्काळ. दुष्काळाचा मी मागून घेतला, लाल रेघेसकट.

मुलगी आता टीवायला आहे. परवा आली होती, म्हणाली सर मला ते मस्टर बघायचंय, अंगठे असलेलं. सरकारी कार्यालयात नाही म्हणाले पण त्या वेळचा मुकादम होता त्याच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे, त्यात कागद आहेत असं आजी सांगते. मुकादम वारला, पेटीची किल्ली थोरल्या मुलाकडे, तो मुंबईला घाटकोपरला. जत्रेला येतो म्हणे दरवर्षी.

— एक ग्रंथपाल, माण तालुका, जि. सातारा