ओढ्याकाठचे आल्डर आणि आपली सुबाभूळ

ऑलिंपिया, वॉशिंग्टन
जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खानापुरात पाऊस लागला हे वहिनींकडून कळलं. भाताची पेरणी उरकली असेल. बांधावरची सुबाभूळ गडी लावून एकदाच साफ करतो, असं तू फोनवर म्हणालास. गडी सांगायच्या आधी हे वाच, कारण मीही सध्या असल्याच एका झाडाच्या मागं लागलोय.

आमच्या घरामागं ओढा आहे आणि त्याच्या काठानं आल्डर माजलेत. हे झाड आपल्याकडं नाही. त्याचा एक भाऊबंद हिमालयात आणि नागालँडात होतो. तिथं खोनोमा गावचे लोक तो शेतात मुद्दाम राखतात, वरून छाटतात आणि खाली पीक घेतात. इथला तांबडा आल्डर मात्र जागा मोकळी दिसली की शिरलाच. 1980 साली इथला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला, तेव्हा डोंगर ढासळून पसरलेल्या बोडक्या मातीवरही तो उभा राहिला. बी इतकं बारीक की किलोत दहा लाखांवर दाणे भरतात, आणि वाऱ्याबरोबर लांब जातं. जमीन मानवली तर पाच वर्षांत तीस फूट!

कोवळा आल्डर हिवाळ्यात तोडला तर बुडख्यातून उसाच्या खोडव्यासारखे फुटवे येतात, एकाच्या जागी दहा. म्हणून इथले जाणते लोक ऐन उन्हाळ्यात, जून-जुलैत तोडतात. तोवर पालवी फुटण्यात मुळांतला साठा बराच खर्च झालेला असतो, म्हणून पुन्हा फुटायचा जोर कमी. झाड दहा वर्षांपुढचं असेल तर बुडख्यातून फारसं काही येतच नाही. बोटाएवढी रोपं असतील तर पावसानं माती मऊ असताना मुळासकट उपटून निघतात. काही जण ताज्या कापावर लगेच तणनाशक लावतात, पण ओढ्याजवळ ते मला नको वाटतं. शिवाय काठाच्या पट्ट्यात तोडायचं तर इथं आधी कौंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला, विचारावं लागतं. काठाची माती मुळं धरून ठेवतात आणि सावलीनं पाणी गार राहतं, सॅमन माशांना तेच लागतं. त्यामुळं काठावरचे मी राहू दिले, फक्त परसातले काढले.

खरं काम तोडल्यानंतरचं. आल्डरचं बी मातीत फार काळ टिकत नाही, दरवर्षी नवं उडून येतं आणि उघड्या मातीवर रुजतं. म्हणून मोकळ्या झालेल्या जागेवर मी लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर घातला आणि मध्ये सीडरची झाडं लावली. आल्डरला सावली सोसत नाही. सीडर वर येऊन सावली पडली की पुढचं काम तेच करतील.

सुबाभळीचं नेमकं इथं वेगळं आहे, आणि ते ध्यानात ठेव. तिचं बी टणक, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. आज सगळी झाडं तोडलीस तरी पुढची काही वर्षं रोपं येतच राहणार, त्यात बुडखे फुटणार ते वेगळंच. 'एकदाच साफ' हे काही होणार नाही. आधी ज्यांना शेंगा धरल्यात ती झाडं घे, शेंगा वाळून तडकायच्या आत. फुटवे आले की पुन्हा पुन्हा कापत राहा आणि पाला शेळ्यांना टाक. फक्त एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, त्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं की जनावराला बाधतं. पावसाळ्यात नवी रोपं हातानं उपटून काढायचं काम पोरांना सांग. बांध मात्र उघडा ठेवू नकोस, गवत किंवा तूर काहीतरी लाव.

आणि सगळी तोडायची गरज आहे का, हेही बघ. आल्डर काय, सुबाभूळ काय, दोघंही मुळांच्या गाठींतून हवेतलं नत्र जमिनीत आणतात. आल्डरच्या दाट रानात हे वर्षाला हेक्टरी शंभर किलोच्या पुढंही जातं. इथले वनवाले एके काळी त्याला तण समजून मारायचे. आता त्याच्या लाकडाचं फर्निचर होतं, इलेक्ट्रिक गिटार होते, माशांना धुरी द्यायलाही तेच लाकूड. आपल्याही ओढ्याच्या कडेची चार झाडं, जिथं दरवर्षी माती वाहून जाते, ती मला तरी राहू द्यावीशी वाटतात. शेंगा धरायच्या आत छाटत राहिलास म्हणजे झालं. औषध मारायचंच ठरलं तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून घे, दुकानदार देईल ते आणू नकोस.

बांधाचे फोटो पाठव, शेंगा दिसतील असे काढ. आईच्या गुडघ्याचं काय ते सविस्तर लिही, फोनवर ती सगळं बरंच आहे म्हणते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा