सोमवारी व्हर्साय, मंगळवारी लूव्र: पॅरिस सहलीबाबत लेखी तक्रार

सांगली,
१६ जून २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
सहल कंपनीचे मुख्य कार्यालय, पुणे

प्रत: कंपनीचे प्रतिनिधी, विश्रामबाग, सांगली

विषय: ११ ते १६ मे २०२५ च्या पॅरिस सहलीतील त्रुटी, रकमेचा परतावा आणि टीसीएस प्रमाणपत्र

महोदय,

या सहलीत सांगली, मिरज आणि तासगावचे आम्ही १४ जण होतो. प्रत्येकाने २,१०,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी आणि त्या बेरजेवर ५ टक्के टीसीएस (कंपनीने घेऊन आमच्या नावे सरकारात भरायचा आगाऊ प्राप्तिकर), असे एकूण २,३१,५२५ रुपये २५ मार्चपर्यंत चुकते केले. परत आल्यावर तोंडी तक्रार केली, तर "युरोप टूर म्हटल्यावर दमणूक होणारच" एवढेच उत्तर फोनवर मिळाले. पॅरिस पायी बघायचे शहर आहे, पाय दुखणारच, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण दर दिवशीचे तीन तास आणि दोन मुख्य ठिकाणे कशात गेली, ते तुमच्याच कार्यक्रमपत्रिकेवरून दाखवता येते.

मूळ चूक एका दिवसाची. पहिल्या कार्यक्रमात आम्ही शनिवारी, १० मे रोजी पॅरिसला पोचणार होतो. दुसरा दिवस रविवार, व्हर्सायचा राजवाडा; तिसरा दिवस सोमवार, लूव्र संग्रहालय. फेब्रुवारीत तुम्ही विमान एका दिवसाने पुढे नेले आणि 'दिवस दुसरा', 'दिवस तिसरा' हे रकाने जसेच्या तसे ठेवून वरच्या तारखा तेवढ्या बदलल्या. झाले! व्हर्साय सोमवारी आले आणि लूव्र मंगळवारी. व्हर्सायचा राजवाडा दर सोमवारी बंद असतो, लूव्र दर मंगळवारी. (ऑर्से संग्रहालयही सोमवारी बंद असते. पुढच्या गटासाठी लिहून ठेवा.) एका दिवसाच्या सरकण्याने सहलीतली दोन सर्वांत मोठी ठिकाणे एकदम गेली आणि तीन महिन्यांत कार्यालयातल्या कोणीही कॅलेंडर उघडून वार पाहिला नाही.

१२ मे रोजी बसने आम्हाला राजवाड्याच्या बंद फाटकापुढे उतरवले. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ज्या आरसे महालाचा फोटो आहे, १७ कमानी आणि ३५७ आरशांचा, तो कुलपात होता. मागची बाग फिरवून आणली आणि टूर मॅनेजरने 'व्हर्साय पूर्ण' अशी खूण केली. बाग सोमवारी उघडी असते हे खरे, पण त्या दिवशी कारंज्यांचा वा संगीताचा कार्यक्रम नसल्याने तिला तिकीटच नसते. दरपत्रकात मात्र 'व्हर्साय राजवाडा प्रवेश समाविष्ट' असे लिहिले आहे. ते तिकीट काढले असेल तर त्याचे व्हाउचर पाठवा. काढले नसेल तर त्याची रक्कम परत करा.

मंगळवारी लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडसमोर २० मिनिटांचा फोटो स्टॉप झाला. आत जायच्या वेळेत आम्हाला एका अत्तराच्या दुकानात पावणेदोन तास बसवले. तिथे प्रवेश मोफत होता, आणि त्यामागचे कमिशनचे गणित सांगलीकरांना समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे हळदीच्या सौद्यात पोत्यातला माल नमुन्यासारखा निघाला नाही, तर सौदा तिथेच मोडतो.

आता रोषणाईचा मुद्दा. कार्यक्रमात मंगळवारी 'रात्री ८ वा. आयफेल टॉवर रोषणाई' असे छापले आहे. मे महिन्याच्या मध्यावर पॅरिसमध्ये सूर्य सव्वानऊ उलटून गेल्यावर मावळतो. टॉवरवरचे २०,००० दिवे अंधार पडल्यानंतर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे लुकलुकतात. म्हणजे त्या आठवड्यात ते रात्री दहाच्या आधी दिसणे शक्यच नव्हते. आठची रोषणाई डिसेंबरात दाखवता येते. बहुधा हिवाळ्यातल्या सहलीची ओळ तशीच चिकटवली असावी.

बरे, दहापर्यंत थांबायचे म्हटले तरी तुमच्या आखणीत ते बसत नव्हते. युरोपीय संघाच्या ५६१/२००६ या नियमानुसार बसचालकाला २४ तासांत सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये फार तर तीनदा ती ९ तासांवर आणता येते. बस सकाळी साडेसातला हॉटेलवर हजर, म्हणजे चालकाची ड्यूटी साडेसातला सुरू. ११ तास वजा केले की काम संपायची वेळ येते रात्री साडेआठ. सवलत घेऊन ९ तास धरले तरी साडेदहा. दहाची रोषणाई पाच मिनिटांची, मग गट मोजून बसमध्ये चढवायला २० मिनिटे आणि हॉटेलपर्यंत पाऊण तास: सव्वाअकराच्या आसपास होतात. बस पावणेआठला लख्ख उन्हात परत निघाली, यात चालकाचा दोष नाही. त्याने नियम पाळला. दोष हे गणित न करणाऱ्याचा. त्या एका दिवशी बस सकाळी अकराला आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला बोलावली असती, तर सवलतीच्या विश्रांतीत सगळे बसले असते आणि ज्येष्ठांना सकाळी जरा झोपही मिळाली असती.

तिसरा मुद्दा हॉटेलचा, आणि खरी दमणूक इथूनच झाली. 'पॅरिसमधील हॉटेल' म्हणून दिलेले हॉटेल रुआसीत, म्हणजे चार्ल्स द गॉल विमानतळाला लागून, शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर होते. खोल्या स्वच्छ होत्या, न्याहारी चांगली होती. पण सकाळी आठला निघालेली बस शहरात शिरणाऱ्या महामार्गावरच्या गर्दीत अडकून साडेनऊला मध्यात पोचते आणि संध्याकाळी तेच उलट. रोजचे तीन तास बसमध्ये. शिवाय रात्रीच्या जेवणानंतर शहरात पाय मोकळे करायचे म्हटले तर कंपनीची बस नाही, जवळ मेट्रो नाही. विमानतळाजवळची हॉटेले स्वस्त पडतात, हे आम्हाला कळते. मग जाहिरातीत 'निवांत पॅरिस' असा शब्द वापरू नका. 'पॅरिस विमानतळ परिसर' एवढे लिहिले असते तरी भागले असते.

नोत्र दाम चर्चसाठी 'फास्ट एंट्री' म्हणून प्रत्येकी १५ युरो घेतले. १५ एप्रिल २०१९ ला आगीत जळालेले हे चर्च ८ डिसेंबर २०२४ पासून लोकांसाठी पुन्हा उघडले आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. वेळेचे आरक्षणही चर्चच्या स्वतःच्या वेबसाइटवर दोन-तीन दिवस आधी फुकट मिळते. आम्ही उभे होतो ती सर्वसाधारण रांग. १५ युरो कशाचे, याची पावती हवी.

आयफेलबाबत थोडक्यात: माहितीपत्रकात 'शिखरापर्यंत लिफ्टने' असे आहे. हातात आलेले तिकीट दुसऱ्या मजल्याचे, ११६ मीटरवरचे. शिखराचा मजला २७६ मीटरवर आहे आणि तिथे जाणारी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून वेगळी सुटते. दोन तिकिटांत सुमारे १३ युरोंचा फरक होता.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. 'रोज गरम महाराष्ट्रीय जेवण' या वचनाचा अर्थ पाचही दिवस जिरा राईस, पिवळी डाळ आणि बटाटा असा निघाला. बसमध्ये भडंगाची पिशवी फिरत होती म्हणून निभावले.

एवढे असूनही ही सहल लक्षात राहील, आणि तेही लिहिणे न्यायाचे आहे. बुधवारी दुपारी तीननंतर कार्यक्रम मोकळा होता, आणि लूव्र बुधवारी व शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. मंगळवारचा लूव्र बुधवारी हलवा, एवढीच विनंती आम्ही टूर मॅनेजरला केली. "व्हाउचरमध्ये बदल होत नाही" असे उत्तर मिळाले. मग १४ पैकी ११ जणांनी स्वतः २२ युरोंची वेळेची तिकिटे काढली.

ने-आण कशी केली, हे सविस्तर देतो, कारण ते सांगणे टूर मॅनेजरचे काम होते. विमानतळाच्या स्टेशनचे एकेरी तिकीट २०२५ मध्ये १३ युरो होते. बुधवारी परत येणे आणि गुरुवारच्या मोकळ्या दिवशी जाऊन येणे, तीन फेऱ्यांचे ३९ युरो, शहरातली मेट्रो दर वेळी २.५० युरो वेगळी. त्याऐवजी पॅरिसच्या सार्वजनिक वाहतुकीचा नाव्हिगो आठवडी पास तेव्हा ३१.६० युरोंना मिळत होता, कार्डाचे ५ युरो, एकूण ३६.६०, त्यात विमानतळाची रेल्वे, मेट्रो आणि बस सगळे आले. पास सोमवार ते रविवार असाच चालतो आणि चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकतात, म्हणून बुधवार ही जवळजवळ शेवटची संधी होती. कार्डावर २५ बाय ३० मिलिमीटरचा फोटो लागतो. व्हिसासाठी काढलेले फोटो ३५ बाय ४५ चे असतात. मंगळवारी रात्री हॉटेलच्या लॉबीत नखे कापायच्या कात्रीने ११ फोटो कापले गेले, कोणाचा कान गेला, कोणाचा फेट्याचा तुरा. पासाच्या खिडकीवरच्या बाईंनी एकही परत केला नाही.

संग्रहालयात डेनॉन विंगमधून सुरुवात करून जिन्याने पंखांच्या विजयदेवतेच्या पुतळ्यापर्यंत चढायचे (जिन्याचे नावच 'दारू' आहे, त्याला आमचा इलाज नाही) आणि मोनालिसाचे दालन, क्रमांक ७११, शेवटच्या तासासाठी ठेवायचे. नऊच्या अर्धा तास आधी पहारेकरी दालने रिकामी करू लागतात, म्हणून घड्याळाकडे लक्ष हवे. बाहेर पडून पॅले रॉयाल स्टेशनवरून १ क्रमांकाच्या मेट्रोने सहा थांबे एत्वालपर्यंत, तिथून ६ क्रमांकाने तीन थांबे त्रोकादेरो. दहाच्या ठोक्याला टॉवर समोर, दिवे सुरू. परतताना ६ क्रमांकाचीच गाडी पुढे धरावी. पासी स्टेशन सुटले की ती सीन नदीवरच्या पुलावर येते आणि खिडकीत अख्खा टॉवर उभा राहतो. देनफेर-रोशरोला उतरून आरईआर बी ही उपनगरी रेल्वे पकडली की थेट विमानतळ, पुढे हॉटेलची बस. यात कुठेही विशेष परवानगी, व्हाउचर किंवा ओळख लागली नाही.

गुडघ्यांमुळे तिघे येऊ शकले नाहीत, ही मात्र बोचणारी गोष्ट आहे. जुन्या मेट्रो स्थानकांत बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाहीत, जिनेच जिने आहेत. पण लूव्रपासून आयफेलच्या पायथ्याच्या बागेपर्यंत ६९ क्रमांकाची सिटी बस जाते आणि तिला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजले. पगारी टूर मॅनेजरला आधी माहीत असायला हवे होते.

टीसीएसबाबत: प्रत्येकाकडून ११,०२५ रुपये कापले. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरणपत्र १५ मेपर्यंत भरून त्यानंतर १५ दिवसांत फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएसचे प्रमाणपत्र, देणे तुमच्यावर बंधनकारक होते. आजपर्यंत एकालाही मिळालेला नाही. शिवाय चार महिलांनी स्वतःच्या खात्यातून पैसे भरले, पावत्या त्यांच्या नावाच्या, तरी कपातीची नोंद त्यांच्या पतींच्या पॅनवर झाली आहे. त्यांच्या २६एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडच्या करनोंदीच्या पत्रकात) ती रक्कम दिसत नाही, म्हणजे परतावा मागता येत नाही. विवरणपत्रात दुरुस्ती करूनच हे सुटेल, पत्र देऊन नाही.

मागणी अशी. ११ जणांचे लूव्र तिकीट आणि पास मिळून प्रत्येकी ५८.६० युरो, म्हणजे ६४४.६० युरो. १४ जणांचे नोत्र दाम व आयफेलचे प्रत्येकी २८ युरो, म्हणजे ३९२. एकूण १,०३६.६० युरो; तुमच्याच बिलातल्या ९७ रुपये दराने १,००,५५० रुपये. व्हर्साय प्रवेशाची रक्कम आणि हॉटेलच्या जागेबद्दलची भरपाई वेगळी, तिचा आकडा तुम्ही कागदपत्रांसह कळवावा. लॉबीतल्या कात्रीचे काही मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापार प्रथेची तक्रार आम्ही सांगली जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करू. तक्रारदार राहतो तिथेच ती करता येते, त्यामुळे आम्हाला पुण्याला यावे लागणार नाही, तुम्हाला मात्र सांगलीला यावे लागेल. प्रत्येकाचा मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही, म्हणून १४ स्वतंत्र तक्रारी होतील. मूळ व बदललेला कार्यक्रम, माहितीपत्रक, बिले, तिकिटे आणि पासांच्या पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

फोन करू नये. उत्तर कागदावर द्यावे.

आपले,
सांगली, मिरज व तासगाव येथील १४ प्रवासी
(सर्वांच्या सह्या स्वतंत्र पानावर)