औषधांच्या बिलावरची अक्षरं वर्षभर तरी टिकू देत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रिटर्न भरायचे दिवस आलेत म्हणून हे पत्र लिहितेय. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, बीपी शुगर दोन्ही आहे आणि मेडिक्लेम नाही, या वयात परवडेल असा मिळतही नाही. पण अशा ज्येष्ठांच्या औषधपाण्याच्या खर्चावर जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्या मुलाला इन्कम टॅक्सच्या ८०डी कलमाखाली वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, हे खूप जणांना माहीतच नसतं, लोकांना वाटतं ८०डी म्हणजे फक्त विम्याचा हप्ता. त्यांच्या नावावर विमा नसावा आणि पैसे रोख दिलेले नसावेत एवढं बघावं लागतं. म्हणून मी गेल्या एप्रिलपासून प्रत्येक वेळी यूपीआयनेच पैसे दिले, बिलावर सासूबाईंचं नाव घालून घेतलं आणि सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजवर ठेवली.

आता पिशवी उघडली तर एप्रिल ते ऑगस्टची बिलं कोरी! कशावर तारीख नाही, कशावर औषधांची नावं नाहीत, दोन-तीन तर नुसते पांढरे कागद. दुकानात डुप्लिकेट मागायला गेले तर म्हणाले मध्ये सॉफ्टवेअर बदललं, जुनी बिलं निघणार नाहीत. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे मेडिकलला गेलेले दिसतात, पण कुणाच्या औषधाला गेले ते त्यात कुठे असतं? रिटर्नबरोबर काही जोडावं लागत नाही हे खरं, पण उद्या नोटीस आली तर दाखवायचं काय, म्हणून आमच्या सीएंनी तेवढा खर्च धरलाच नाही.

ही बिलं थर्मल कागदावरची असतात, त्यात शाई नसतेच, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो तीच अक्षरं. ऊन, गरमी, हाताचं तेल, प्लास्टिक यातलं काहीही लागलं की ती उडायला लागतात, आणि मी नेमकं प्लास्टिकमध्येच ठेवलं होतं. टिकावं म्हणून लॅमिनेट करायला जाऊ नका, आमच्या शेजारच्या काकांचं बिल मशीनमधून अख्खं काळं होऊन बाहेर आलं.

याउलट गेल्या वर्षी आम्ही माहेरचं घर विकलं तेव्हा वडिलांची फाइल काढली. २००६ मध्ये वरच्या दोन खोल्या बांधल्या त्याची सिमेंट, सळई, फरशीची बिलं, सगळी बॉलपेनने लिहिलेली, दोऱ्याने बांधलेली, आणि एकूणएक वाचता आली. तो सगळा खर्च भांडवली नफ्यातून वजा झाला. वडील आज नाहीत पण त्यांच्या त्या फाइलीने आम्हा भावंडांचा बराच टॅक्स वाचवला. घराच्या कामाची बिलं कुणीही टाकू नयेत, घर विकेपर्यंत ती लागतात.

बिल न देणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मग चार-सहा महिन्यांत कोरं होणारं बिल हातात दिलं काय आणि नाही दिलं काय, गिऱ्हाइकाला सारखंच. मेडिकलवाल्यांचं बिल कॉम्प्युटरवर तयार होतंच, तेच पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवायला फार तर एक मिनिट लागेल, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांकडे साधा फोन आहे त्यांना साध्या कागदावर प्रिंट द्यावी. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरकारनेही निदान औषधं आणि दवाखान्याच्या बिलांसाठी तसा नियम करावा.

तोवर आम्ही घरी आल्याआल्या बिलाचा फोटो काढतो, महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, मोठं बिल असेल तर झेरॉक्स काढून कागदाच्या पाकिटात ठेवतो. पाकीट कपाटात कुठे आहे ते घरातल्या तिघांनाही माहिती आहे, सासूबाईंनासुद्धा.

आपली,
एक वाचक, मिरज