नव्या व्हीलचेअर नकोत, आहेत त्या चालत्या ठेवायला हात द्या

नाशिककर बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार.

आमचं मंडळ पंचवटीत आणि जुन्या नाशकात ज्येष्ठांसाठी व दिव्यांगांसाठी काम करतं. एरवी आमच्या आवाहनात ‘एक व्हीलचेअर दान करा’ असं असायचं. या वेळी ते मागणं नाही. घरोघरी आधीच असलेल्या व्हीलचेअर साफ करायला, दुरुस्त करायला आणि वर्षभर चालत्या ठेवायला माणसं हवी आहेत, सुटे भाग हवे आहेत आणि थोडे पैसे हवे आहेत.

खुर्ची मिळवून देणारे आपल्याकडे आहेत, आणि त्यांचे उपकारच आहेत. दिव्यांगांना व्हीलचेअरसारखी साधनं मिळवून देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे. १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी अशी साधनं बनवते. गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. शिवाय वाढदिवस, पुण्यस्मरण, एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन, या निमित्तांनी खुर्च्या वाटल्या जातात. खुर्ची घरी येते, हार घालून फोटो निघतो, आणि पुढे तिचं काय झालं हे विचारायला सहसा कोणी येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शिका काढली. तीत खुर्ची देण्याच्या कामाचे आठ टप्पे सांगितले आहेत, आणि आठवा टप्पा आहे नंतरची विचारपूस, देखभाल आणि दुरुस्ती. आपल्याकडे नेमका हाच टप्पा गळतो. विकणारा दुकानदार म्हणतो नवी घ्या. सायकलवाला म्हणतो, हे आमचं काम नाही. मग खुर्ची गॅलरीत जाते आणि तिच्यात बसणारा माणूस आत, पलंगावर.

आम्ही घरोघर जाऊन खुर्च्या पाहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की बहुतेक खुर्च्या मोडलेल्या नाहीत. त्या नुसत्या दुर्लक्षित आहेत. बऱ्याचशा हवा, साबणपाणी, ग्रीस आणि एक पाना एवढ्यावर पुन्हा चालू लागतात.

हवेचंच घ्या. टायरमध्ये हवा कमी असली की खुर्ची जड जाते, हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट ब्रेकची. साध्या व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी लोखंडी पट्टी. टायर मऊ पडला की ती पट्टी नीट दाबतच नाही. खटका ओढला, आवाजही आला, पण चाक फिरतंच. पलंगावरून खुर्चीत सरकताना खुर्ची मागे पळते आणि माणूस खाली बसतो. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत राहणाऱ्यांसाठी तर हा जिवाशी खेळ आहे. घरचे म्हणतात ब्रेक खराब झाला, आणि ब्रेक पिळत बसतात. आधी टायरच्या कडेवर लिहिलंय तेवढी हवा भरा, मग ब्रेक तपासा. हवा भरलेली असूनही चाक सरकत असेल, तर ब्रेकच्या पट्ट्याचे बोल्ट ढिले करून ब्रेक चाकाकडे थोडा सरकवायचा असतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते दाखवणारं कोणीतरी हवं.

पुढची छोटी चाकं ही दुसरी मोठी अडचण. त्यांच्या आसात केस, साडीचे दोरे, हाराचे दोरे गुंडाळले जातात, आणि संक्रांतीनंतर मांजा. जानेवारी-फेब्रुवारीत नाशकात हाताळलेल्या खुर्च्यांच्या पुढच्या चाकांतून नायलॉन मांजाची गुंडाळीच निघते. पक्ष्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणारा हा मांजा बेरिंगच्या सीलवरही चढतो, सील फाटतं, आत धूळ जाते आणि चाक घासत फिरायला लागतं. खुर्ची सरळ जाण्याऐवजी एका बाजूला ओढते, आणि ढकलणारी सून किंवा मुलगा म्हणतो, आईचं वजन वाढलंय. वजन वाढलेलं नसतं. चाक काढून, आसाभोवतीची गुंडाळी ब्लेडने कापून, बेरिंग बदललं की तीच खुर्ची एका बोटाने पुढे सरकते. घरच्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं, त्यासाठी आम्ही हे काम करतो.

आता साफसफाईबद्दल. पैसे, वेळ काहीच देणं जमत नसेल, तरी एवढा मजकूर ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांच्यापर्यंत पोचवा.

खुर्ची गाडी धुण्याच्या सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. जोराचं पाणी बेरिंगमध्ये शिरतं, ग्रीस वाहून जातं आणि आतून गंज धरतो. भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी, पिळलेलं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. सांगाडा, हाताने ढकलायची रिंग, फूटरेस्ट, हातांची पट्टी पुसा, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. पावसाळ्यात आडगाव-मखमलाबादकडची काळी माती चाकांना चिकटून वाळते. ती ओली असतानाच काढलेली बरी. घाटावर जाऊन आलात, चाकं पाण्यात गेली, तर घरी आल्यावर आस कोरडे करा.

खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल कुठेही लावू नका. आमच्याकडे येणाऱ्या खुर्च्यांत हे हमखास दिसतं, प्रेमाने केलेलं असतं, पण ते तेल धूळ धरून डिंकासारखं घट्ट होतं. खुर्ची घडी होते तो कात्रीसारखा जोड आणि फूटरेस्टचे सांधे, इथे शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब टाकून जास्तीचं पुसून घ्या. टायरला, ब्रेकच्या पट्टीला आणि हाताच्या रिंगला तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नका. गंज सोडवायचा स्प्रे बेरिंगवर मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो.

उशीचं म्हणाल तर ती सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. मणक्याला मार बसून कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला खालून काही टोचतंय हे कळत नाही. स्पंज बसून गेला, रेक्झिनची बैठक झोळीसारखी लोंबली, की हाडाच्या जागी कातडी दाबली जाते आणि जखम होते. अशी जखम भरायला महिनोन् महिने जातात, आणि ती चिघळली तर जिवावर बेतते. त्यामुळे आठवड्यातून एकदा उशीखाली, बसणाऱ्याच्या बैठकीच्या हाडाखाली हात घालून पाहा. हाड थेट हाताला लागत असेल तर उशी संपली आहे. खोळ धुवा. स्पंज ओला झाला तर आतपर्यंत वाळल्याशिवाय त्यावर बसवू नका. श्रावणात त्याला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून शक्य असेल तिथे दुसरी उशी ठेवावी. हे लिहिताना एक मावशी डोळ्यांपुढे आहेत. त्यांची खुर्ची वरून चकाचक होती, रोज पुसली जायची. बैठकीचं रेक्झिन खालून फाटलेलं होतं आणि ते कोणी उलटून पाहिलं नव्हतं.

तर आम्हाला काय हवं आहे ते सांगतो.

सगळ्यात आधी माणसं. नाशिक सायकलींचं शहर आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला सायकलस्वारांचे थवे दिसतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी चाकाचा आऊट काढायचं स्टँड आहे, तारा ताणायची चावी आहे, काटा असलेला पंप आहे, ऍलन कीचा संच आहे. व्हीलचेअरचं मागचं चाक सायकलचंच भावंड आहे. तुमचे महिन्यातले एका रविवारचे तीन तास आम्हाला द्या. सायकल दुरुस्तीवाले दादा, तुम्ही तर गुरू आहात. येऊन मुलांना शिकवा, तुमच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई मंडळ देईल. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुला-मुलींनी यावं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लेथवर उभं आयुष्य काढलेल्या निवृत्त मंडळींनी यावं. बाजारात न मिळणारी एखादी बुश किंवा पिन तुमच्या हातून सहज होते. आणि गाड्यांचे सीट कव्हर शिवणारे कारागीर आम्हाला फार हवे आहेत, कारण फाटलेली बैठक आणि पाठ ही दुरुस्ती आमच्याकडे सगळ्यात जास्त अडून राहते.

सुटे भाग देणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. मागचं चाक बहुधा २४ इंची असतं, पण २४ इंच म्हणजे एकच माप नव्हे. टायरच्या कडेवर ३७-५४० असा आकडा कोरलेला असतो; आम्हाला बहुतेक करून तो लागतो. ५०७ चा टायरही २४ इंचीच म्हणून विकला जातो आणि या रिमवर बसत नाही. पुढच्या चाकांसाठी ६०८ नंबरचं बेरिंग बऱ्याच खुर्च्यांना चालतं: आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी रबरी सीलचं. त्याखेरीज ट्यूब, तारा, नायलॉक नट, वायसर, ग्रीसचे डबे, हातांच्या पट्ट्या, जाड रेक्झिन, चांगल्या घनतेचा स्पंज. जुने सुती बनियनही द्या, पुसायला त्यासारखं कापड नाही.

आणखी एक मागणं आहे, ते थोडं नाजूक आहे. तुमच्या घरातले आजी-आजोबा गेल्यानंतर त्यांची व्हीलचेअर माळ्यावर, जिन्याखाली ठेवलेली असेल. ती देताना मन तयार होत नाही, हे आम्ही जाणतो. पण एखाद्याची खुर्ची दुरुस्तीला घेतली की ती परत मिळेपर्यंत तो माणूस अंथरुणावर अडकतो. अशा दिवसांसाठी आमच्याकडे बदली खुर्च्या हव्यात. तुमची खुर्ची आम्ही साफ करू, तिच्यावर हवं तर त्यांचं नाव लिहू, आणि ती रोज कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडेल.

पैशांचं सरळ सांगतो. साधारण ५०० रुपयांत एका खुर्चीच्या दोन ट्यूब, पुढच्या चाकांची बेरिंगं आणि ग्रीस एवढं निघतं. बैठक आणि पाठ नव्याने शिवायची तर खर्च दुपटी-तिपटीने वाढतो. तुम्ही १०० रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि कोणत्या महिन्यात काय खरेदी झालं याची यादी मंडळाच्या फलकावर लागेल. आमच्याकडे ८०जी ची नोंदणी नाही, त्यामुळे आयकरात सवलत मिळणार नाही. हे आधीच सांगणं योग्य. कार्यकर्ते कोणीही मानधन घेत नाहीत.

ज्या मंडळांना, पतसंस्थांना, कुटुंबांना नव्या खुर्च्या वाटायच्याच आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. दहा खुर्च्यांऐवजी आठ द्या आणि दोन खुर्च्यांचे पैसे त्या आठांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. देताना बसणाऱ्याच्या कमरेचं माप घ्या, सगळ्यांना एकाच रुंदीची देऊ नका. खुर्चीबरोबर एक हातपंप आणि पाना द्या. २०२७ च्या सिंहस्थात घाटावर, स्थानकावर, वाहनतळांवर वृद्ध भाविकांसाठी खुर्च्या लागणार, त्या देणारेही पुढे येतील. त्या खुर्च्या एका पर्वणीच्या धावपळीत जेवढ्या वापरल्या जातील तेवढ्या घरात वर्षभरात होत नाहीत. पर्वण्या सरल्यावर त्या गोदामात गंजत पडू नयेत, म्हणून त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणाची हे आत्ताच ठरायला हवं. ती उचलायची आमची तयारी आहे, तुमची साथ असेल तर.

काही कामं आम्ही करत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या आम्ही उघडत नाही. सांगाड्याच्या नळीला तडा गेला असेल तर ती आम्ही वेल्डिंग मारून परत देणार नाही, विशेषतः ऍल्युमिनियमची. वरून सांधलेली नळी माणूस बसल्यावर कधी सुटेल सांगता येत नाही. अशा वेळी आम्ही बदली खुर्ची देतो आणि नव्या खुर्चीसाठी सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करतो. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर तेही सोबत करून घेऊ.

सध्या दुरुस्तीचं काम मंडळाच्या खोलीबाहेरच्या पडवीत चालतं. पाऊस आला की सगळं आवरावं लागतं, आणि दोन पायऱ्या असल्यामुळे खुर्चीवरून येणाऱ्यांना उचलून घ्यावं लागतं. ते त्यांना आवडत नाही, आणि का आवडावं? पंचवटी, रविवार कारंजा किंवा द्वारका परिसरात रस्त्याला लागून, पायरी नसलेला, पाण्याचा नळ असलेला एखादा गाळा रविवारपुरता कोणी वापरू दिला, तर आमची निम्मी अडचण संपेल. भाडं परवडेल तेवढं देऊ.

दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही मंडळाच्या खोलीवर असतो. वस्तू तिथेच आणून द्या, रोख रक्कम दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. कामाला येणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावं. अनुभव नसला तरी चालेल, पहिल्या दिवशी चाकं पुसायची आणि हवा भरायची, एवढंच शिकवतो. ज्यांना खुर्ची इथवर आणणं जमणार नाही त्यांनी शेजाऱ्यांकरवी निरोप पाठवावा, आमच्यापैकी दोघं पाना आणि पंप घेऊन तुमच्या घरी येतील. दुरुस्तीचे पैसे कोणाकडूनही घेतले जात नाहीत.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, पंचवटी, नाशिक