‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ताण आणि आजारांवरचा लेख वाचला. ताणामुळे कॅन्सर होतो, हे त्यात दोन अधिक दोन चार असं लिहिलंय. तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आमच्यासारख्या घरात त्या वाक्याचं काय होतं, ते सांगते.

माझ्या मिस्टरांना गेल्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ते इथल्या नोट प्रेसमधून (नोटांच्या सरकारी छापखान्यातून) निवृत्त. भेटायला येणारा चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतोच, “फार टेन्शन घ्यायचे हो ते. जरा गंगेवर, गोदाकाठी जाऊन बसत जा.” म्हणजे आजार त्यांचा आणि अपराधही त्यांचाच.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी म्हटलं की कुत्रा मागे लागल्याचं उदाहरण द्यायचे. ॲड्रेनालिन, छातीत धडधड, संपला धडा. त्याच ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं, ते पहाटेपासून वाढत सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं, हे वर्गात कधी सांगितलं नाही. त्याचा हुकूम वरून येतो: मेंदूतला अधश्चेतक हा भाग त्याच्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला कळवतो, पीयूषिका अधिवृक्काला. कॅन्सरची गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पेशी रक्तात जी दाहकारक रसायनं सोडतात, त्यांची खबर या अधश्चेतकापर्यंत पोहोचते. मनात काळजी असो नसो, शरीर धोक्याची घंटा बडवत राहतं. मग पुष्कळ रुग्णांत कॉर्टिसॉलचा हा चढउतारच सपाट होतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० साली स्तनांचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १०४ स्त्रियांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं होतं. ज्यांचा उतार सपाट, त्या कमी जगल्या. मन खंबीर ठेवलं नाही म्हणून असं झालं, असा मात्र त्याचा अर्थ निघत नाही.

फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये तर कधीकधी गाठ स्वतःच पीयूषिकेचं, अधिवृक्काला हुकूम देणारं संप्रेरक बनवते आणि कॉर्टिसॉल भरमसाट वाढतं. हे वाचून दाखवलं तेव्हा मिस्टर म्हणाले, “नोट खरी, छापखाना चोरटा.”

यात औषधाची भर. केमोनंतर उलट्या होऊ नयेत म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. ते कॉर्टिसॉलचंच भावंड, पण कितीतरी पटींनी जोरकस. दुसऱ्या केमोनंतर रात्री अडीचला खडखडाट ऐकून उठले, तर हे ओट्यावर डाळींचे डबे मांडून एकेक झाकण पुसतायत. “झोपच येत नाही गं.” सकाळी साखर २८६. गोळ्या संपल्या आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस कूस बदलायला तयार नाही. नणंद म्हणाली, मनाला लावून घेतलंय.

कागदावर ‘दिवसातून दोनदा’ एवढंच होतं, म्हणून आम्ही दुसरी गोळी रात्री जेवल्यावर देत होतो. पुढच्या खेपेला विचारलं तेव्हा कळलं, ती दुपारीच घ्यायची. तेवढ्यानेही चार-पाच तास झोप लागली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. पण स्टिरॉइड किती वाजता घ्यायचं, साखर कधी बघायची, आणि दीर्घकाळ चालू असलेलं स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम थांबवू नये (शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं), या तीन ओळी मराठीत फाइलवर लिहायला शिक्क्याएवढीच जागा लागेल. आपल्या लेखकांनी पुढचा लेख यावर लिहावा.

भेटायला येणाऱ्यांनी सकाळी साडेदहाच्या सुमारास यावं, तेव्हा ते जरा बरे असतात. टेन्शन सोडून कशावरही बोलावं. द्राक्षाचा भाव चालेल.

– एक निवृत्त शिक्षिका, जेल रोड, नाशिकरोड
(नाव छापू नये, ही विनंती.)