कृष्णविवराच्या बातमीत वस्तुमान आणि अंतर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णविवराने एखादा ग्रह, किंवा खुद्द आपली पृथ्वीच, गिळली तर काय होईल, या विषयावरच्या बातम्या आणि चित्रफिती अलीकडे वरचेवर पाहण्यात येतात. त्यांतल्या बहुतेकांत कृष्णविवर म्हणजे आसमंतातले जे सापडेल ते ओढून घेणारे एक राक्षसी भोक, अशीच कल्पना गृहीत धरलेली असते. ते किती वस्तुमानाचे आहे आणि ग्रहापासून किती अंतरावर आहे, हे दोन आकडे मात्र क्वचितच दिलेले असतात. माझ्या मते या दोन आकड्यांशिवाय त्या प्रश्नाला अर्थच उरत नाही, आणि ते दिले तर उत्तर कोणत्याही अतिरंजित चित्रफितीपेक्षा अधिक चित्तवेधक निघते.

आधी त्या ओढून घेण्याविषयी. सूर्याच्या जागी नेमके सूर्याएवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर त्याची त्रिज्या (म्हणजे जिच्या आत गेलेला प्रकाशही परत येत नाही, त्या सीमेची) अवघी ३ किलोमीटर असेल आणि पृथ्वी त्याच कक्षेतून, तेवढ्याच दिवसांत, त्याच्याभोवती फिरत राहील. आपण अंधारात गारठून मरू हे खरे, पण गिळले जाणार नाही. हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. २०२२ साली शोध लागलेले ‘गाया बीएच१’ हे कृष्णविवर सुमारे १५६० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या नऊ-दहा पट आहे. सूर्यासारखाच एक तारा त्याच्याभोवती १८६ दिवसांत एक फेरी घालतो. दोघांमधले सरासरी अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या दुपटीहूनही कमी असताना तो तारा सुखरूप आहे.

ग्रहाचा घात होतो तो भरतीमुळे, आणि भरती गोमंतकीयांना नव्याने सांगायला नको. मांडवी-जुवारीच्या काठच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनींत, अमावास्येच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला टेकते, नदीकडच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणझडपेची, लाकडी दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागली की शेतातले पाणी तीच दारे लोटून बाहेर पडते. हे सारे घडवते ती चंद्राची नुसती ओढ नव्हे, तर पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवर पडणाऱ्या ओढीतला फरक. म्हणूनच सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढत असूनही सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीही नसते. भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर निम्मे झाले की तो आठपट होतो. सूर्याइतक्या अंतरावर दहा सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर त्याची भरती चंद्राच्या साडेचार पट असेल. आपल्याकडच्या एकाही बांधाचा तिच्यापुढे टिकाव लागणार नाही, पण ग्रह म्हणून पृथ्वी शाबूत राहील.

तेच कृष्णविवर पृथ्वीपासून १२ लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या तिपटीवर आले की चित्र पालटते. तिथे ओढीतला फरक पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणावर मात करतो. समुद्र आणि वातावरण आधी सुटते, कवच भेगाळते, आतला तप्त खडक बाहेर पडतो, आणि ज्याला आपण ग्रह म्हणतो तो तप्त मलब्याचा लांबच लांब पट्टा होऊन बसतो. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की या कृष्णविवराची त्रिज्या फक्त ३० किलोमीटर आहे. १२,७०० किलोमीटर व्यासाचा ग्रह त्याच्या तोंडात मावण्याचा प्रश्नच येत नाही. गिळण्याच्या कितीतरी आधी तो फाटलेला असतो.

वस्तुमान वाढवत नेले की आणखी मौज आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे असून त्याची त्रिज्या १ कोटी २७ लाख किलोमीटरच्या आसपास आहे. तिथेही पृथ्वी बाहेरच, सुमारे ९ कोटी किलोमीटरवर फुटेल. परंतु २०१९ साली ज्याची प्रतिमा जगाने पाहिली, त्या एम ८७ दीर्घिकेतल्या साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या १,९०० कोटी किलोमीटरहून अधिक, म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेच्या त्रिज्येच्या चौपट आहे. त्याच्या सीमेवर भरतीचा जोर इतका सौम्य असतो की पृथ्वी अखंडच आत जाईल. (भोवतालच्या तप्त वायूने तिचा पृष्ठभाग आधीच होरपळून निघेल, तो भाग वेगळा.) लांबून पाहणाऱ्याला ती सीमेपाशी मंदावत, लाल होत, दिसेनाशी होताना भासेल. पृथ्वीवरच्या घड्याळाप्रमाणे मात्र सीमा ओलांडल्यापासून शेवटापर्यंत, म्हणजे केंद्राशी पोहोचेपर्यंत, जेमतेम बारा तास जातील, आणि ती फाटायला लागेल तेव्हा त्यातली नऊ मिनिटे उरलेली असतील. दहा सूर्यांच्या कृष्णविवरावर ती थेट आदळण्याच्या रोखाने गेली, तरी फाटण्यापासून शेवटापर्यंतचा अवधी तोच नऊ मिनिटांचा भरतो. वस्तुमान कितीही घ्या, हा आकडा हलत नाही, कारण भरतीचा जोर आणि कोसळायला लागणारा वेळ हे दोन्ही वस्तुमान आणि अंतराचा घन यांच्या एकाच गुणोत्तरावर ठरतात. कोणत्याही अकरावीच्या विद्यार्थ्याला पडताळून पाहता येईल असे हे गणित बातम्यांत कधीच येत नाही, याची मला खंत वाटते.

ग्रह थेट न आदळता बाजूने गेला, तर त्याच्या मलब्यापैकी साधारण निम्मा भाग दूर फेकला जातो आणि उरलेला तबकडीसारखा फिरत, घर्षणाने तापत आत उतरतो. त्यातून क्ष-किरणांचा झोत बाहेर पडतो आणि तो आपल्या दुर्बिणींच्या हाती लागतो. सूर्यात चालणाऱ्या हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाच्या ०.७ टक्क्यांची ऊर्जा होते, तर इथे १० टक्क्यांपर्यंत होऊ शकते. एकट्या पृथ्वीच्या वस्तुमानाचा त्या दराने हिशेब केला, तर सूर्य आजच्या तेजाने सुमारे ४५ लाख वर्षांत देईल तेवढी ऊर्जा निघते.

असा प्रसंग नोंदलेलाही आहे. ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ४८४५ या दीर्घिकेच्या केंद्रातून २०११ साली क्ष-किरणांचा मोठा भडका उडाल्याचे युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘इंटिग्रल’ उपग्रहाने टिपले. गुरूच्या १४ ते ३० पट वस्तुमानाची एखादी वस्तू, म्हणजे महाकाय ग्रह किंवा तपकिरी बटू (ग्रहाहून मोठा, पण ताऱ्याहून लहान गोळा), तिथल्या सुमारे तीन लाख सूर्यांच्या कृष्णविवराजवळून गेली असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१३ साली मांडला. यातही ती वस्तू पुरती गिळली गेली नाही. तिच्या बाहेरच्या थरांतला दहाएक टक्के ऐवज तेवढा खाल्ला गेला आणि गाभा निसटला, असे त्यांचे अनुमान आहे. ‘अख्खा ग्रह गट्टम्’ अशा मथळ्याला ही वस्तुस्थिती अडचणीची असली, तरी ती छापायला हरकत नसावी.

पृथ्वीच्या भवितव्याची चिंता करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. दहा सूर्यांचे कृष्णविवर उद्या खरोखरच सूर्यमालेत शिरले, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने ग्रहांच्या कक्षा विस्कटतील, आणि पृथ्वी त्याच्या त्या १२ लाख किलोमीटरच्या टप्प्यात सापडण्यापेक्षा सूर्यापासून दूर भिरकावली जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक असेल. असे कोणतेही कृष्णविवर आपल्या वाटेवर असल्याचा पुरावा नाही. माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जवळचे ते वर उल्लेखलेले १५६० प्रकाशवर्षांवरचेच.

आपल्या दैनिकात यापुढे कृष्णविवराविषयी बातमी येईल, तेव्हा तिच्यात त्याचे वस्तुमान सूर्याच्या किती पट आहे आणि ते किती प्रकाशवर्षे दूर आहे, एवढे दोन आकडे पहिल्याच परिच्छेदात द्यावेत, अशी विनंती आहे. वृत्तसंस्थेच्या मूळ इंग्रजी मजकुरात ते बहुधा असतात, भाषांतर करताना जागेअभावी गळत असावेत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
फोंडा, गोवा